कापलेली बावीस मिनिटं

एयरोसिटी, मोहाली
सोमवार, सकाळ

प्रिय नयनाताई,

फोन न करता पत्र पाठवलं म्हणून घाबरू नकोस. इथे सगळे ठणठणीत आहेत. अंबरीशचा गुडघा कुरकुरतो, मधुरिमा अजूनही माझ्या मराठीला हिंदीतून उत्तरं देते. पण जे सांगायचंय ते फोनवर काढलं, तर तू पहिल्याच वाक्याला ‘जाऊ दे गं यामिनी, झालं ते झालं’ म्हणशील आणि भाजी काय केलीस ते विचारशील. गेली एकोणचाळीस वर्षं तू हेच करत आलीस. म्हणून पत्र. तुला मध्ये बोलता येणार नाही.

ताई, परवा शनिवारी मी तुला पडद्यावर पाहिलं.

‘उतारावरचं गाव’ पुन्हा प्रदर्शित होणार, ही बातमी मी मार्चमध्ये वाचली. जुन्या चित्रपटांचे हक्क घेऊन ते स्वच्छ करून थिएटरात आणणारी मुंबईची एक कंपनी आहे. आपला चित्रपट तर त्यांना हिंदीत नव्यानंही करायचाय. पण मूळ निगेटिव्ह आंबून गेलेलं, डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा यायचा म्हणे. कुणाकडे जुनी प्रिंट असेल तर कळवा, असं आवाहन होतं.

ते वाचलं आणि मला पुन्हा पुण्याचं ते थिएटर दिसलं. आपण अकरा जण भोरहून एसटीनं गेलो होतो. आईनं तुला मोतिया रंगाची साडी नेसवली होती. नदीकाठी शूटिंग झालं तेव्हा अख्ख्या भोरनं पाहिलं होतं, की भर ग्रामसभेत उठून सावकाराविरुद्ध साक्ष देणारी शाळामास्तरीण तू होतीस. मध्यंतर झालं, तू आली नाहीस. शेवट झाला, तू आली नाहीस. ग्रामसभेत एकदा तुझा अंबाडा दिसला, तेवढाच. वितरकानं लांबी कमी करायला बावीस मिनिटं उडवली होती, हे नंतर कळलं. परतीच्या गाडीत अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. आणि गल्लीतल्या बायका वर्षभर विचारत राहिल्या, ‘तू नक्की होतीस ना गं त्यात?’ तू डी.एड. पूर्ण केलंस, शाळेत लागलीस, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीस. सुबोधभाऊजींनासुद्धा तू हे लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितलंस.

तर, आमच्या इथल्या मराठी मंडळात वामनकाका आहेत. वय नव्वद. केंद्र सरकारच्या नोकरीत इथे आले आणि चंदीगडच्या मनीमाजऱ्यात, एका गल्लीत घर घेऊन इथलेच झाले. ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली तर म्हणाले, “अगं, हा माझ्या मेहुण्याचा चित्रपट!” त्यांचा मेहुणा म्हणजे आपला दिग्दर्शक. वितरकाची कात्री लागायच्या आधी त्यानं पूर्ण चित्रपटाची एक छोटी, सोळा मिलिमीटरची प्रिंट काढून घेतली होती आणि इथल्या गणेशोत्सवात दाखवायला काकांकडे पाठवली होती. एकदाच दाखवली. मग तो वारला, आणि परत मागायला कुणी आलंच नाही. काकांची नात अश्लेषा आतून म्हणाली, “वो दादू की लोहेवाली पेटी? मैं तो कबाड़ी को देने वाली थी!” पलंगाखालून पेटी ओढली. जुन्या चादरीत गुंडाळलेले सहा डबे होते. मी तिथेच फरशीवर बसले.

आता माझ्या स्वभावाप्रमाणे मी लगेच मुंबईला फोन लावायला हवा होता. लावला, पण आधी काकांशी बोलून. कंपनीतर्फे क्षितिज नावाचा गृहस्थ विमानानं आला. गोड माणूस. म्हणाला, “मॅडम, तुमच्या प्रिंटवरून आम्ही तेव्हा थिएटरात आलेला दोन तास नऊ मिनिटांचा चित्रपट दुरुस्त करू. जास्तीचा भाग आज कोण बघणार? तो फार तर नंतर इंटरनेटवर टाकू.” ताई, माझी कानशिलं तापली. मी म्हटलं, “जास्तीचा भाग म्हणजे माझी बहीण आहे.” त्याला काही कळेना. वामनकाका शांतपणे म्हणाले, “पूर्ण दाखवणार असाल तर सहाही डबे न्या. नाहीतर पेटी पुन्हा पलंगाखाली.” क्षितिज रिकाम्या हातानं परत गेला. दुसरी प्रिंट मिळतेय असं तो कळवत राहिला आणि तीन आठवडे मला धड जेवण गेलं नाही. खरंच मिळाली असती तर? तर तू पुन्हा कापली गेली असतीस, आणि या वेळी माझ्या हट्टापायी.

मग एके दिवशी ओजस्विनीचा फोन आला. हिंदीतला नवा चित्रपट ती दिग्दर्शित करणार आहे. पस्तिशीची असेल, मूळची सांगलीची. म्हणाली, “मला फक्त बघू द्या.” बावीस सेक्टरात बलबीरसिंग म्हणून एक सरदारजी आहेत, पूर्वी लग्नांत सिनेमे दाखवायचे. त्यांनी माळ्यावरचा प्रोजेक्टर काढला, चौथा डबा उघडून फिल्म बोटांवर घेतली, वास घेतला आणि म्हणाले, “पक्की है जी. सुत्ती पई सी, बस.” म्हणजे, नुसती झोपली होती. भर दुपारी काकांच्या खोलीला पडदे लावून, भिंतीवर चादर ताणून आम्ही ते रीळ पाहिलं. तू उठलीस. पदर खोचलास. चार मिनिटं बोललीस आणि एकदाही आवाज चढवला नाहीस. सावकाराचं काम करणारा तो मोठा नट तुझ्याकडे बघता बघता खरोखर खाली बघायला लागला.

दिवा लागला. मग ओजस्विनी म्हणाली, “हिला कापलं? वेडे होते का?” आणि मोबाइल घेऊन गच्चीवर गेली. अर्धा तास तिचा आवाज खाली येत होता. उतरली ती हसतच. पूर्ण चित्रपट, दोन तास एकतीस मिनिटं. काकांनी आणखी एक अट घातली होती, की पहिला खेळ चंदीगडकरांना. तीही मान्य.

शनिवारी इथल्या मल्टिप्लेक्सचं थिएटर मराठी माणसांनी भरलं. हवाई दलातली कुटुंबं, बँकवाले, बदलीवर आलेले, शिवाय कितीतरी पंजाबी शेजारी. बलबीरसिंग नातवंडांसकट आले होते. श्रेयनामावलीत तिसऱ्या ओळीत तुझं नाव आलं, ‘शाळामास्तरीण – नयना’, आणि मधुरिमानं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. तुझा प्रसंग संपला तेव्हा चित्रपट चालू असतानाच लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पुढचे संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत. वामनकाका व्हीलचेअरवरून ओरडले, “वाजवा! एकोणचाळीस वर्षांच्या वाजवा!” मधुरिमा रडत म्हणाली, “मम्मा, मावशीने कभी बताया क्यों नहीं?” आणि मग चक्क मराठीत म्हणाली, “माझी मावशी आहे ती.” शेजारच्या अनोळखी बाईंना, दोनदा.

तुला आधी कळवलं नाही म्हणून रागावशील. पण पुन्हा एकदा तुला नेसवून-सजवून थिएटरात बसवायचं आणि ऐन वेळी कुणी कात्री लावलेली निघायची, हे माझ्यानं झालं नसतं. आधी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता पुढच्या महिन्यात पुण्यात खेळ आहे. तू, भाऊजी, अख्खं भोर घेऊन जा.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. रविवारी सकाळी दहाला तुला ओजस्विनीचा फोन येईल. नव्या चित्रपटात नायिकेच्या आईचं मोठं काम आहे आणि तिला तूच हवी आहेस. ‘ताई करतील का?’ असं तिनं मला विचारलं. मी उत्तर दिलं नाही. कारण सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तू परीक्षेला गेली असताना दिग्दर्शकाचा माणूस आपल्या दारात आला होता. झालेल्या प्रकाराबद्दल त्यांना वाईट वाटत होतं, पुढच्या चित्रपटात त्यांना तू नायिका म्हणून हवी होतीस. मी सतरा वर्षांची होते. शाळेत मुली मला रोज तुझ्यावरून चिडवायच्या, आणि मला ते पुन्हा नको होतं. मी सांगितलं, ‘ताईला आता हे करायचं नाहीये.’ तो गेला. संध्याकाळी तू विचारलंस कोण आलं होतं, मी म्हटलं, मीटर बघणारा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, अंबरीशलाही नाही. माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव, घाई नाही. पण रविवारी फोन तूच उचल, ताई. या वेळी दारात मी उभी नाही.

तुझीच धाकटी,
यामिनी