पाणसळीचा बुडबुडा

शिरूर, मंगळवार, १८ जानेवारी १९७७

साखर आज उलटी गेली! केशनळीत फक्त रेझिन, म्हणजे विद्युतभार असलेले राळेचे दाणे, बदललं, विरुद्ध भाराचं भरलं. तारा त्याच, टेबल तेच. साखरेला विद्युतभार नसतो, वीज सोडली तरी तिनं जागेवरच राहायला हवं. पण वर्षभर ती ऋण टोकाकडे सरकत होती, आज धन टोकाकडे गेली. म्हणजे रेझिनच्या भारामुळंच नळीतलं पाणी वाहतं आणि साखरेला सोबत नेतं. टेबल कलतं असतं, तर साखर दोन्ही वेळा एकाच बाजूला गेली नसती का?

आणि प्रबंधात मी काय लिहिलंय? "टेबलाच्या उतारामुळे पाणी वाहिले." पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी लिहायला लावलं. नाहीतर त्यांचा जुना शोधनिबंध खोटा पडतो. मी मान डोलावली. प्रबंध गेल्या आठवड्यात सादरही झाला. आता बोललो तर पदवी जाते. नाही बोललो तर हेच पोरांना शिकवायचं, जन्मभर?

आमचे प्रयोगशाळेतले शिपाई, तुकाराममामा, मूळचे गवंडी. संध्याकाळी दौंडच्या एस्टीला निघता निघता त्यांनी टेबलावर पुन्हा पाणसळ ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध, म्हणजे टेबल सपाट.

"सर, सूतभर बी फरक न्हाई. रोज सकाळी बघतो न्हवं मी. तुमच्या पुस्तकात लिवलंय का तसं?"

"लिहिलंय, मामा."

खूश होऊन गेले. प्रबंध इंग्रजीत आहे, मामांना वाचता येणार नाही, हे मनात आलं आणि मला हायसं वाटलं.

हायसं वाटलं मला!