शेवंती की गाजरगवत

आये, तुझी शेवंती गेली. सरळच सांगते, गोल गोल बोलायची सवय तू मला लावली नाहीस. रोगानं गेली नाही, पाण्यावाचूनही गेली नाही. टँकरच्या उन्हाळ्यातसुद्धा भांड्यांच्या विसळणावर मी ती जगवली होती. सुनेनं उपटली, मुळासकट, आणि वर माझीच शाबासकी मिळेल म्हणून वाट बघत उभी राहिली.

आषाढात डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी जामखेडला लेकीकडं राहिले होते. वाकायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, डोळ्यात थेंब घालून भिंतीकडं बघत बसायचं. खर्ड्याला परत आले तर परसदार चकचकीत, मातीवर नुसते खुरप्याचे ओरखडे. सून पदराला हात पुसत म्हणाली, "आत्याबाई, समदं गाजरगवत काढलं बघा. हात खाजून लाल झालं." वर्षभर मीच तिच्या मानगुटीवर बसले होते, गाजरगवत काढ म्हणून. तिनं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा. तरी मी लई बोलले. तिच्या आईनं तिला काय शिकवलं इथपर्यंत गेले. पोरगा जेवता जेवता म्हणाला की नर्सरीतनं दुसरी आणतो, त्यालाही दोन ऐकवल्या. आणलीच त्यानं, पिवळी, कोबीच्या गड्ड्याएवढी. तिला पाणी घालते. झाडाचा काय दोष?

आता राग बाजूला ठेवून बोलायचं तर कोवळेपणी शेवंतीचं नि गाजरगवताचं पान सारखंच दिसतं, तसंच कातरलेलं, तसंच भुरकट. तुझ्या वेळी हे गवत एवढं माजलं नव्हतं, म्हणून तुला हा घोळ ठाऊक नाही. आता बांधावर तेच, शाळेमागं तेच. टाकळ्याची भाजी आषाढात दारात मिळायची, ती मिळत नाही. कुर्डू दिसतो तुरळक. घटाच्या माळेला तरवडाची फुलं हवीत तर ओढ्यापर्यंत पाय तोडत जावं लागतं, कारण पोरगा तणनाशकाचा पंप पाठीला लावून बांध असा भाजून काढतो की गवत मरतं, तरवड मरतो आणि पहिल्या सरीला उगवून येतं ते परत गाजरगवतच. हे त्याला सांगावं तर म्हणतो, तुला शेतीतलं काय कळतंय.

मला कळतं ते तुझ्यामुळं, आणि तू शिकवलंस तेही धपाटे घालून. मिरजगावच्या मळ्यात आपण खुरपतोय. तू पुढं, मी मागं, हातात बोथट खुरपं. मी काहीतरी उपटते आणि तू मागं न बघताच थांबतेस. मातीतून मूळ सुटल्याचा आवाज तुला कळतो की काय, देव जाणे. माझ्या हातातलं रोप घेऊन तू त्याचं पान माझ्या नाकाखाली चोळतेस. ओवा असतो. पाठीत एक बसतो. "डोळं फसवत्यात," तू म्हणतेस, "चोळून बघ." मग दिवसभर चोळ आणि हुंग. रानतुळस, घाणेरी, दगडी पाला. नाव विचारलं तर म्हणायचीस, नाव घेऊन काय शिजवायचंय का. नाव नाही, कारण नाही, नुसता वास. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी निघाले तेव्हाही तसंच. ओल्या गोणपाटात शेवंतीचे मुनवे गुंडाळून मांडीवर ठेवलेस, मुळाजवळ फुटलेली ती पिल्लं. चारचौघींच्या आया अशा वेळी डोळे पुसतात. तू म्हणालीस, "गोणपाट माघारी धाड."

तर ऐक. श्रावणात त्याच जागी भिंतीकडेला दोन कोंब वर आले. एखादं मूळ मातीत राहिलं असेल तर तुझी शेवंती वाचली. नसेल तर मी गाजरगवताला तांब्यातांब्यानं पाणी घालतेय आणि सून मनात हसतेय. एवढंच बघायचं होतं. पान तोडलं, चोळलं, नाकाला लावलं.

काहीच नाही. त्या साथीच्या तापात माझं नाक गेलं ते परत आलंच नाही. फोडणी जळली तरी धूर दिसल्यावर कळतं. घरात कुणाला बोलले नाही. म्हातारीचे डोळे गेले, त्यात नाकही गेलं, मग उरलं काय, असं म्हणतील.

चार दिवस त्या कोंबांभोवती फिरले. पाचव्या दिवशी सुनेलाच हाक मारली. बोलणं बंदच होतं आमचं, ती दबकत आली. म्हटलं, "हे पान चोळ आन् सांग, शेवंती हाय का." तिनं चोळलं. हुंगलं. परत हुंगलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्याबाई, वास येतोय. पन शेवंतीच्या पानाचा वास कसा असतो, मला कुठं ठाव हाय? तुमी कवा हात लावू दिलाय?"

उलट बोलली नाही ती. खरंच विचारत होती. मी सांगायला तोंड उघडलं. कडवट असतो म्हटलं. ती म्हणाली, हा कडवटच हाय. औषधासारखा, म्हटलं. ती म्हणाली, कोन्च्या औषधासारखा? मग दोघी तिथंच उकिडव्या बसून राहिलो. ती म्हणाली, फूल येऊ द्या, मंग कळंल. तोवर पाणी तीच घालतेय.

हे तुला पोचायचं नाही, आणि पोचलं असतं तरी तुला वाचता कुठं येत होतं. म्हणून लिहिते. माझं नाक गेलं हे सुनेला कळलंय. तिला जे कळलं नाही ते तुला सांगते. त्या दिवशी मी शब्द शोधत नव्हते, आये. तो वास कसा होता, तेच मला आठवत नाही.