जिन्यावरच्या पितळी दांड्या

प्रिय पोरी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फोन वाजून वाजून गप्प बसतो. कागद टेबलावर पडून राहतो आणि जाता-येता डोळ्यांत सलतो. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. पाटी फुटेपर्यंत मी शाळेत गेले, नवी कुणी आणली नाही, तिथेच माझं शिक्षण संपलं. पण हे दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेण्यासारखं नाही. तेव्हा लागेल तेवढा वेळ लागो. मी घाईने लिहीत नाही, तूही घाईने वाचू नकोस.

तुझे आजोबा जिन्यावरून पडून गेले त्याला वर्ष होऊन गेलं, आणि तेव्हापासून तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. त्याआधी इथे राहून नोकरीला जात होतीस, माझ्याशी रोज एकदा तरी भांडत होतीस. आता भांडायलाही कुणी नाही. तुझी आत्या येते, पण तिच्याशी भांडण्यात काही मजा नाही, ती लगेच रडायला लागते. तुझी आई सांगत होती, तू मुद्दाम तळमजल्यावरची खोली घेतलीस, व्हॅक्यूम क्लीनर दाराच्या आत येऊ देत नाहीस, गुडघ्यावर बसून फडक्याने फरशी पुसतेस. तुझ्या वयात मीही तशीच पुसायची, पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून. तू का पुसतेस ते मला कळतं. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. पण आधी इकडचं सांगते, कारण क्रमाने नाही सांगितलं तर माझंच मला सापडत नाही.

जिना वर्षभर होता तसाच पडून होता. मी पलंग खाली समोरच्या खोलीत आणला आणि वरच्या मजल्याकडे पाठ फिरवली. वळणापाशी कार्पेट सुटलं होतं, ते जिभेसारखं पायरीवरून लोंबत राहिलं. कुणी हात लावला नाही. कार्पेट पायरीच्या खाचेत दाबून धरणारी, त्या दिवशी निघालेली ती पितळी दांडी कुणीतरी उचलून कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. झाडताना मी तिच्याभोवतीनं झाडत असे.

आता हे ऐकून म्हातारीला वेड लागलं म्हणू नकोस. दुपारी गल्ली निजली, की जिन्यात दांडी पडते. टण, मग खालच्या पायरीवर टण, मग फरशीवरून घरंगळत भिंतीशी जाऊन थांबते. मी श्वास रोखून पुढच्या आवाजाची वाट बघते. तो येत नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते, दांडीचा आवाज ऐकून तुलाच ओरडले होते, काय पाडलंस गं? उत्तर म्हणून तो दुसरा आवाज आला होता, ते पडल्याचा. आता तो येत नाही आणि ते जास्त वाईट आहे. उठून बाहेर जाऊन बघावं, तर दांडी आपल्या कोपऱ्यात शहाण्यासारखी उभी, आणि जिन्यात पितळ घासायच्या पॉलिशचा वास. तो डबा तर मी कधीच फेकून दिला. मी भुताखेतांना मानणारी बाई नव्हे. जिवंत माणसांनी मला एवढा ताप दिलाय, की मेलेल्यांना भ्यायला सवड मिळाली नाही. पण कान माझे आहेत, ते माझ्याशी खोटं कशाला बोलतील? मी जिन्याखाली उभी राहून म्हाताऱ्याला सुनावलंसुद्धा. म्हटलं, गेलात ना? मग वर जायचं तर वर जा, खाली यायचं तर खाली या, मधेच काय उभे राहता, माझा जीव खायला?

काही फरक पडला नाही. जिवंतपणी कधी माझं ऐकलं होतं, की आता ऐकतील.

शेवटी मी ठरवलं, जिन्याला नवं कार्पेट घालायचं. चांगलं जाड, खाली रबरी अस्तर. म्हटलं, आवाज तरी मरेल. आत्याला खरं कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, आई, तू तर वर जातही नाहीस, कशाला हवंय? म्हटलं, जिना माझा आहे, मी त्याला टोपी घालीन नाहीतर कोट, तुला येऊन पिशवी धरायची असेल तर चल. आली बिचारी.

दुकान केवढं मोठं! एका बाजूला गुंडाळलेली कार्पेटं खांबांसारखी उभी, दुसऱ्या बाजूला सफाईची यंत्रं, ब्रश, बादल्या, काय न् काय. एक टायवाला मुलगा आमच्या मागे लागला. त्याने एक गोल चपटं यंत्र जमिनीवर सोडलं. म्हणे, आजी, हा आपला आपण घरभर फिरतो, तुम्ही नुसतं बसून राहायचं. मी म्हटलं, बाबा, आपलं आपण फिरणारं एक आहे माझ्या घरी, दुसरं नको. आत्याचा चेहरा पांढरा पडला. तो हसला, त्याला वाटलं मांजर असेल. मग विचारलं, हा जिना चढतो का? तर नाही म्हणाला. म्हटलं, मग माझ्यासारखाच आहे, घेऊन काय करू?

मग त्याने जुन्या धाटणीची यंत्रं काढली, लांब नळीची, टणक तोंडाची. आत्याने त्या तोंडाकडे बघितलं आणि पटकन मान दुसरीकडे वळवली. मी बघितलं तिने बघितलेलं. त्या दिवशी घरात माणसं भरलेली असताना तीच म्हणाली होती ना, व्हॅक्यूमचं तोंड दांडी धरणाऱ्या कडीवर आपटलं असणार, नाहीतर दांडी निघेलच कशी? सकाळीच तू जिना साफ केला होतास. तू जिन्याच्या पायथ्याशी उभी होतीस, वायर कोपराभोवती अर्धी गुंडाळलेली. मी आत्याला गप्प बस म्हटलं. पण गप्प बस म्हटलं म्हणजे ते खोटं आहे, असं होत नाही, हे तुलाही कळलं आणि मलाही. ते खोटं आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? मला माहीत नव्हतं. माहीत नसलेलं गोड करून सांगणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

असो. मी एक हलकं, हातात उचलता येईल असं यंत्र घेतलं, खास जिन्यासाठी, तोंडाला मऊ ब्रश आणि कडेने रबर. मग दांड्या बघितल्या. पितळी होत्या, टोकाला डाळिंबासारख्या गोळ्या असलेल्या होत्या. टायवाला म्हणाला, आता कार्पेट खालच्या खिळ्यांच्या पट्ट्यांनी धरलं जातं, दांड्या नुसत्या शोभेच्या. म्हटलं, आमच्या घरात नुसती शोभेची माणसं पुष्कळ होऊन गेली, दांड्यांनीच काय पाप केलंय? साध्या काळ्या घेतल्या, घासायची गरज नसलेल्या. पितळ बघून मला तू आठवलीस. एवढीशी होतीस, पायरीवर पोटावर पडून दांडीत तोंड बघायचीस. तोंड काकडीसारखं लांब दिसायचं आणि तू खिदळायचीस. तुझे आजोबा वरून ओरडायचे, बोटं उमटतील, आणि मग स्वतःच शेजारी बसून आपलं तोंड दांडीत बघायचे. दोघांची दोन लांबडी तोंडं. कार्पेट तपकिरी घेतलं.

बसवायला आला तो दांडगा माणूस, गुडघ्यांना गाद्या बांधलेला, म्हणून मी त्याला गुडघेवाला म्हणते. तोंडाला विश्रांती नाही. त्याची सासू, त्याची कंबर, त्याच्या सासूची कंबर, सगळं ऐकवलं. वरून जुनं उचकटत खाली यायला लागला. मी खालीच उभी, धुळीने खोकत. एकाएकी तो हसायला लागला. म्हणाला, आजी, ह्या कड्या कुणी बसवल्या हो? स्क्रू-ड्रायव्हर लावायचीही गरज नाही, बोटांनी निघतायत, बघा! आणि त्याने दोन-चार काढून कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या, पुन्हा सासूकडे वळला. त्याला त्याचं काहीच नव्हतं. मोडकं बघायचा त्याचा रोजचाच धंदा.

पोरी, मी चढले. वर्षभरात पहिल्यांदा. भिंत धरून वळणापर्यंत गेले, तिथे बसले आणि त्याच्याकडून पिशवी ओढून घेतली. कडी हातात घेतली. तिच्या स्क्रूला लाकडाचे तुकडे चिकटले होते, पांढुरक्या साबणाने माखलेले. नखाने खरवडले. काडेपेटीच्या काड्या होत्या, गुल मोडलेल्या.

आता तुला त्यांचं रविवारचं सोंग आठवतंय का बघ. दर रविवारी जेवणानंतर जिना बंद. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. लोक दांडी जागच्या जागी फडक्याने पुसतात. ह्यांना ते चालायचं नाही. पॉलिश कार्पेटला लागेल म्हणून दांड्या काढायच्या, कड्यासुद्धा स्क्रू काढून सोडवायच्या, वर्तमानपत्रावर मांडून घासायच्या आणि परत बसवायच्या. कुणाचा हात लागलेला खपायचा नाही. इतकी वर्षं स्क्रू काढून-घालून लाकडाची भोकं ढिली होणारच की. सुताराला बोलावलं असतं तर त्याने भोकं बुजवून नवी पाडून दिली असती. पण सुतार घरात येणं म्हणजे ह्यांचा अपमान. म्हणून भोकात काड्या कोंबायच्या, वर साबण चोळायचा, स्क्रू पिळायचा. दिसायला कडी घट्ट. आणि मी मूर्ख बाई, काडेपेट्या रिकाम्या कशा होतात म्हणून वर्षानुवर्षं समजत होते, की म्हातारा गच्चीवर चोरून विड्या ओढतो. त्यावरून केवढी भांडणं केली! तेही एकदा म्हणाले नाहीत, की अगं, विड्या नाहीत. विडीचा आळ सोसला, पण जिन्याचं काम नीट जमलं नाही, एवढं कबूल केलं नाही. कपाळ माझं.

गुडघेवाल्याला म्हटलं, जरा बाहेर जाऊन चहा पिऊन या. मग मी त्या पायरीवर बसून ह्यांना जे बोलले, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. आत्या खालून ऐकत होती. ती वर आली, मी तिच्या तळहातावर काड्या ठेवल्या. तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर ती म्हणाली, आई, मी त्या पोरीला काय बोलून बसले. मी म्हटलं, रडू नकोस, कार्पेटचा माणूस यायचाय. ह्या पत्राखाली दोन ओळी लिही म्हटलं, तर म्हणते, मी काय लिहू. मग नकोच लिहू म्हटलं, ती आली की तिच्यासमोर उभी राहून तोंडाने बोल.

कार्पेट छान बसलंय. मांजर चाललं तरी कळणार नाही एवढं जाड. जुनं पितळ गुडघेवाला भंगारात घेऊन गेला, एक दांडी ठेवली नाही मी घरात. आणि परवा दुपारी जिन्यात टण झालं. मग खालच्या पायरीवर. मग फरशीवरून घरंगळत भिंतीपर्यंत. पॉलिशचा वाससुद्धा होता. मी उठले नाही, भाजी निवडत राहिले. आवाज गेलेला नाही, पोरी, आणि तो जाईल असं मला वाटत नाही. पण कोण पाडतंय ते आता मला माहीत आहे, आणि ती तू नव्हेस.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी. त्या सकाळी तू यंत्र आपटलंस की नाही, मला ठाऊक नाही, आणि आपटलं नाहीस असं मी म्हणणार नाही. आपटलंही असशील. मीही आपटत आले, तुझी आत्या लग्नाआधी आपटत होती, जिन्यात ते धूड आपटतंच. पण कडी काड्यांवर उभी होती. त्या दिवशी नाहीतर पुढे कधीतरी निघाली असती, त्यांच्या पायाखाली नाहीतर माझ्या, नाहीतर तुझ्या. ते तुझ्यामुळे गेले नाहीत. मी तुझी समजूत काढत नाहीये. जन्मापासून मला ओळखतेस, माझ्या तोंडून समजुतीचा एक शब्द कधी ऐकलास का? खरं नसतं तर शाई वाया घालवली नसती. पलंग मी वरच्या खोलीत नेलाय, माझे गुडघे कुरकुरतात पण चढते. येशील तेव्हा दार नुसतं लोटलेलं असेल. खालून हाका मारत बसू नकोस, मी उतरणार नाही. वर ये.

तुझीच, कुणाला बरं वाटावं म्हणून कधी न बोललेली,
आजी