दोन भाकरी

सिडको, छत्रपती संभाजीनगर

प्रिय द्वारका,

काल फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस, दादा, काटा किती दाखवतो? मी नेटवर्कचं निमित्त करून फोन ठेवला. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. शेवटी तुझ्या वहिनीनं वैतागून वही-पेन पुढ्यात आदळलं. पत्र बीडला पोचेपर्यंत तुझी दोन डायलिसिस होऊन जातील, कळतंय मला. पण हे तोंडानं सांगणं जमणार नाही.

वजन शहाण्णव आहे. तीन महिन्यांपूर्वी होतं तेवढंच. दहा किलो उतरल्याशिवाय माझी किडनी घेणार नाहीत, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. भात सोडला, साखर सोडली, दवाखान्याच्या तक्त्यात लिहिल्यात तशा दोन वेळा दोन-दोनच भाकरी खाल्ल्या, गुलमंडीवरून जाताना जिलबीकडे मान वळवली नाही. वर ऐटीत सगळ्यांना विचारायचो, ज्वारीनं कुणी सुटलंय का? आपले आप्पा जन्मभर भाकरीच खायचे आणि शेवटपर्यंत काटक राहिले. ते दिवसभर औत हाकायचे आणि मी दिवसभर खुर्चीत बसतो, एवढं मात्र सोयीनं विसरायचो.

परवा दवाखान्यातल्या आहाराच्या ताहेरा मॅडमनी घरची भाकरी आणायला लावली. फडकं सोडल्याबरोबर हसायलाच लागल्या, भाऊ, ये भाकरी है की परात? त्यांच्या तक्त्यातली भाकरी तळहाताएवढी, तीस ग्रॅम पिठाची. आपली गावाकडची, पिशोरची, ताट झाकणारी. एकीत त्यांच्या चार बसल्या. दोन वेळा दोन-दोन म्हणजे रोज सोळा, शिवाय शेंगदाण्याच्या चटणीवर कच्च्या तेलाची धार. ज्वारी चांगलीच आहे, म्हणाल्या, पण चांगलं म्हणून कितीही खाल्लं तर वजन कसं उतरणार? तुझी वहिनी रिक्षात घरापर्यंत रडत होती. आपल्याच हातानं तुझे तीन महिने वाया घालवले, असं तिनं मनाला लावून घेतलंय. आज फोन करून तुझी माफी मागणार होती. मी थांबवलं.

कारण चूक तिची नाहीच. पहिल्या आठवड्यात तिनं आपणहून भाकऱ्या लहान केल्या होत्या आणि माझं दोन किलो उतरलंही होतं. तो आकडा बघून मला घाम फुटला. त्याच दिवशी मी तिला म्हणालो, दोन सांगितल्यात ना, दोनच कर, पण हात आखडू नको. मला भूक नव्हती लागली, द्वारका, भीती वाटत होती. त्या टेबलावर झोपायची, पुढचं सगळं आयुष्य एका किडनीवर काढायची. सख्ख्या बहिणीला नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून वजनाच्या काट्याकडून नाही म्हणवून घेतलं. तू तिकडं सुया टोचून घेत होतीस आणि मी इकडं जेवत होतो. पत्र पुरं झालं की तुझ्या वहिनीला वाचून दाखवणार आहे. परवापासून मोजून खातोय, भीती अजून तशीच आहे, तरी दहा किलो उतरवीन. एवढं कळल्यावरही तुला माझी किडनी घ्यावीशी वाटते का, तेवढं कळव.

तुझाच,
बद्रीदादा