गोदी येते त्या विड्या

३ नोव्हेंबर १९३६, मंगरूळपीर

बायकांच्या खाटांवर आज एकच नवीन. आसेगावची गंगूबाई, सत्तरीची. दमा. जीभ सुकलेली, डोळे टक्क उघडे, आणि हवेतून काहीतरी वेचत राहते. मुलगा महादू बैलगाडीत घालून घेऊन आला. "बरेच दिस झाले, बरळूनच राह्यली," म्हणाला. डॉ. म्हणाले, मागं दिलेली आपली खोकल्याची बाटली चालू ठेवा, बघू.

अंग पुसायला गेले तर मनगट धरलं. "गोदे! दिवाळीले आली काय व? काहून एवढी वाळली?"

महादू ओशाळला. गोदी त्याची थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणातच गेली. तेव्हा हा शेंबडा पोर.

मी म्हटलं, आजी, मी नर्स आहे. म्हातारी हसली. "चाल! मायची मस्करी करते."

४ नोव्हें.

महादूच्या हातचं खात नाही. ताक-कण्या माझ्याच हातून, पाणीही माझ्याच हातून. नंतर मला खाटेपाशी खाली बसवलं आणि अंबाडाच सोडला. "डोक्श्याले तेलाचा थेंब नाई. सासू देत नाई काय?" गाठोड्यातली डबी काढून तेल चोळत बसली. शेजारच्या खाटेवरची तोंडाला पदर लावून हसत होती. वॉर्डातलं काम तसंच पडलं होतं. उठायला हवं होतं. उठले नाही.

कोणी माझ्या डोक्याला तेल लावल्याचं आठवत नाही. मिशनच्या अनाथालयात उवा होतात म्हणून आम्हा पोरींचे केसच कापून टाकत. नाव मडमेनं ठेवलेलं. आईनंही काहीतरी ठेवलं असणारच, ते दुष्काळात तिच्याबरोबर गेलं.

गोदी काही वाईट नाव नाही.

६ नोव्हें.

डॉ. आज फेरीला आले ते म्हातारीच्या डोळ्यांत बघतच राहिले. बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्यात. मग महादूला म्हणाले, घरून काय काय देता ते सगळं काढ. गाठोडं खाटेवर पालथं झालं. वैद्याच्या पुड्या, हकिमाचं चाटण, दर्ग्यातला तावीज, कारंज्याच्या बाजारातल्या दम्याच्या विड्या. म्हणजे इथं आल्यावरही आमच्या पाठीमागे सगळं चालूच होतं.

"एकानं नाई तं दुसऱ्यानं आराम पडन म्हनलं, सायेब," महादू म्हणाला. "कोनाचंच मोडलं नाई."

डॉ.नी एक विडी फोडून हुंगली. धोतऱ्याचा पाला. आणि आमच्या बाटलीत बेलाडोना. "दोघं सख्खे भाऊ," म्हणाले. "मिळून म्हातारीला वेड लावताहेत. आपलं औषध देण्याआधी विचारायला हवं होतं. चूक माझीच." बाटली बदलली, विड्या बंद, पुड्या-चाटण तूर्त बंद. तावीज राहू दे म्हणाले, तो कोणाच्या पोटात जात नाही.

विड्यांची जुडी माझ्याकडे दिली, जाळून टाका म्हणून. कपाटात ठेवलीय.

आता ती शुद्धीवर येणार. नर्सला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही.

७ नोव्हें.

आज अजून मी गोदीच. "महादूनं कापूस इकला का तुले हिरवं लुगडं घेतो." घे म्हटलं. जरीकाठी घे म्हटलं! जीभ चावली, पण बोलून गेलेच. देवा, क्षमा कर.

९ नोव्हें.

जीभ ओली, बाहुल्या जागच्या जागी. सकाळी मी पेला पुढं केला तर माझ्याकडे नीट बघितलं.

"कोन व तू, बाई?"

नर्स.

"जात कोन्ती?"

ख्रिस्ती.

पदर सावरला. "ठिव तिकडे. महादू देईन पानी." महादू बैलांना कडबा आणायला गेलेला. तो येईपर्यंत तशीच तहानेली पडून राहिली. वावगा शब्द एक बोलली नाही, उलट माझ्या पायांना फार काम पडतं म्हणाली. तेच जास्त लागलं.

डॉ. खूश. बरी झाली म्हणाले. हो, झाली बरी.

१० नोव्हें.

न्हाले. तेलाचा वास गेला. दिवाळी झाल्यावर न्हाले असते तर काय बिघडलं असतं.

११ नोव्हें.

उद्या सकाळी त्यांची गाडी निघणार. संध्याकाळी महादू बाहेर होता, तेव्हा म्हातारीनं खुणेनं बोलावलं.

"बाई, थ्या इड्या तुह्यापाशीच हायेत ना?"

म्हटलं, आजी, त्यांनीच डोकं फिरलं होतं तुमचं.

"माईत हाय मले. डाक्टरानं सांगतलं."

मग कशाला?

"थ्या वढल्या का माही गोदी ये. अशी इथं बसे. मले पानी पाजे. म्या तिच्या डोक्श्याले तेल लावलं, बाई, खरंच लावलं. आता हाका मारतो तं येत नाई." पदरानं डोळे पुसले. "एकच दे. दिवाळीपुरती."

ओठ सुकले होते तिचे. पेला माझ्याच हातात होता.

"आजी, ती गोदी," एवढं म्हटलं आणि थांबले. पुढं बोलले तर माझ्या हातचं पाणी प्यायल्याचं तिला कळणार, आणि गोदी दुसऱ्यांदा जाणार. नाही बोलले तर ती इथं आलीच होती असं समजून म्हातारी सुखानं घरी जाईल, आणि मी कोणाचीच कोणी नाही.

"काय म्हनत होती व गोदीचं?" तिनं उठून बसत विचारलं.

सकाळी सांगते म्हटलं. जुडी अजून कपाटातच आहे.