महालक्ष्म्यांचा स्वयंपाक आणि माझी वाइन

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा तुझ्यावरचा राग काही गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून बोलत नाही, लिहिते. निदान या वेळी तू मध्येच तोडणार नाहीस.

आधी तुझं देणं सांगून टाकते, म्हणजे पुढे मोकळेपणाने भांडता येईल. महालक्ष्म्यांचा नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचा नसतो, म्हणून तू सगळा स्वयंपाक वासावर करायचीस आणि मलाही तेच शिकवलंस. तू सोवळ्यात ओट्याशी उभी आहेस, कढीला उकळी येतेय, आणि तू माझी मान धरून मला पातेल्याकडे ढकलतेस. "सांग, मीठ झालं का?" मी डोळे मिटून वास घेते. मीठ पडलं नसेल तर कढीचा वास बोथट येतो, ताकाचा आंबटपणा नुसताच वर तरंगत राहतो. चुकलं तर पाठीत धपाटा. बरोबर आलं तर काही नाही, पुढचं पातेलं. शाबासकी तुझ्या घरात शिजलीच नाही कधी.

हेच नाक घेऊन मी हॉटेलात लागले. गिऱ्हाइकाला कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी ते सांगायचं, हे माझं काम. त्यासाठी वाइन तोंडात घ्यावी लागते, घोळवावी लागते आणि थुंकून टाकावी लागते, हे मी तुला किती समजावलं. तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "थुंकूनच टाकते, तर तोंडात घेते काहून वं?" बाबा हसले. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

त्याच वर्षी महालक्ष्म्यांना मी न्हाऊन, सोवळं नेसून स्वयंपाकघराच्या दाराशी आले, तर मावशी आणि काकूंच्या देखत तू आडवा हात धरलास. "तू बाहेर बस. दारू लागली तुझ्या तोंडाले. नैवेद्याले तुझा हात नाही चालत." मी म्हटलं, "आई, नैवेद्य चाखायचाच नसतो. तोंडाचा संबंध काय?" "जबान नको चालवू," एवढंच तुझं उत्तर. मी समोरच्या खोलीत जाऊन बसले. अंगाचा तिळपापड झाला होता. तुला सर्दी होती, नाक चोंदलेलं होतं, पण हट्ट सोडशील तर ती तू कसली! पंगत बसली, वाढप सुरू झालं आणि कढी माझ्या जवळून गेली तेव्हाच मला कळलं, मीठ नाही. प्रसादाला नाव कोण ठेवणार? काका पानातलं मीठ हळूच कढीत कालवत होते. शेवटी तू जेवायला बसलीस, पहिला घोट घेतलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मीही नजर हटवली नाही. वाटलं, आता तरी बोलावशील. पुढच्या वर्षीही तू मला बाहेरच बसवलंस, आणि त्यानंतर मी येणंच सोडलं.

आज लोक मला मुद्दाम विचारून जेवण मागवतात. नागपुरात जहाल मटण आलं की माणूस महागातली लाल वाइन मागतो, रंगाला रंग म्हणून. मी नको म्हणते. जड, तुरट वाइनने तिखट आणखी भडकतं. किंचित गोडसर, थंडगार पांढरी घ्या, जिभेला निवांतपणा मिळेल. परवा उमरेडचं एक कुटुंब आलं होतं, मुलीचं लग्न ठरल्याच्या आनंदात. आजोबा म्हणाले, "बाई, आम्हाले याच्यातलं काही समजत नाही. तूच सांग." त्यांनी सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, मागवली होती. मी फसफसणारी वाइन सुचवली, तेलकटपणा धुऊन निघतो आणि सांबाराचा वास खुलतो. त्यांनी एक वडी खाल्ली, एक घोट घेतला, परत वडीकडे हात नेला. "कोणं शिकवलं वं तुले हे?" मी म्हटलं, नाशिकला कोर्स केला. तुझं नाव मुद्दाम घेतलं नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

तुझ्यामागे महालक्ष्म्या दादाकडे हुडकेश्वरला गेल्या. काल वहिनीचा फोन आला. "ताई, यंदा स्वयंपाकाले तुम्हीच उभ्या राहा. मले चाखल्याबिगर जमून नाही राहिलं." मी म्हटलं, माझ्या तोंडाला वाइन लागलेली असते, माहीत आहे ना? "मग काय झालं? थुंकताच ना?" ती म्हणाली. इतकं सोपं होतं ते, आई. तुला एवढंच म्हणायचं होतं.

मी हो म्हटलं. तुझ्यासाठी नाही, आणि तुला माफ केलं असंही समजू नकोस. हे पत्र मी तुझ्या फोटोपुढे वाचणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. वहिनीने विचारलं, "पण हॉटेलात सुट्टी भेटन ना?" मी म्हटलं, बघते. खरं तर सुट्टी आधीच मंजूर झाली होती. त्या दिवसाची मी दर वर्षी घेते आणि घरी बसून राहते. कुणी बोलावलंच तर, म्हणून.