टोपणभर पाणी आणि एक अडखळतं इंजिन

मी, खाली सही करणारा, लिफ्ट-दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त, विधुर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. काळीज ठिकाणावर नाही, म्हणून उद्या डॉक्टर ते उघडणार आहेत. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. करणारी होती ती गेली.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला. घर विकावं की ठेवावं, तो तिचा प्रश्न. न्हाणीघराच्या कडीशी मात्र भांडू नये. जरा उचलून मग लोटावी.

२. कामाची हत्यारं खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला आजच देऊन टाकली, ती वाट्यात धरू नयेत. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मागून नेलेली वस्तू परत आणून देणारा हा एकच माणूस मला भेटला.

३. मागच्या खोलीतलं छोट्या रेल्वेचं टेबल, रूळ, डबे आणि इंजिनं लेकीला. त्यातल्या काळ्या इंजिनाचं नीट समजून घ्यावं. या वीतभर इंजिनांच्या पोटात डिकोडर नावाची नखाएवढी चिप असते. इंजिनाचा नंबर, ते किती सावकाश निघणार, किती अलगद थांबणार, हे सगळं तिच्यात आकड्यांनी भरावं लागतं. ते आकडे माझ्या बायकोने भरले. "तुमच्या लिफ्टमध्ये पोटात गोळा येतो. माझी गाडी तशी नाही निघायची," म्हणायची. उघड्या डब्यावर बाटलीचं टोपण पाण्याने काठोकाठ भरून ठेवायची. थेंब सांडला की पुन्हा आकडे बदलायची. ते तिने कुठे लिहून ठेवले नाहीत. आणि आमचं जुनं यंत्र चिपमध्ये आकडे लिहितं, तिच्यातले वाचत नाही.

४. माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, घरातलं नाव 'उतावळा', याला काहीही देऊ नये. ती गेल्यावर एक इंजिन अडलं, तर या महाशयांनी ते रीसेट केलं. रुळाच्या वेगळ्या तुकड्यावर घेऊन नव्हे, भर लाइनवर! हुकूम रुळावरच्या सगळ्यांनीच ऐकला. सगळी कारखान्यातून आल्यासारखी कोरी झाली, सगळ्यांचा नंबर एकच, तीन. मग याने तीन नंबर चालवला. सगळी एकदम सुटली आणि वळणावर एकमेकांच्या उरावर बसली. "होईल हो दाजी सगळं ठीक," म्हणे. कप्पाळ! तिची चाल पुसली गेली. काळं इंजिन तेवढं तेल द्यायला बाहेर काढलेलं, म्हणून वाचलं. बाकीची मी पुन्हा रुळावर ठेवली नाहीत, आणि याला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आज बोलावलंय ते फक्त सहीसाठी. साक्षीदाराला वाटा मिळत नाही म्हणतात, म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार केलं आहे.

५. आता काळं इंजिनही अडखळतंय. निघतं आणि गचकन थांबतं. चाकं पुसली, रूळ घासले, वायरी नव्याने जोडल्या, मोटरचे ब्रश बदलले. रडलोसुद्धा, लपवत नाही. लेक फोनवर म्हणते, "बाबा, रीसेट करून टाका ना. नाहीतर मामाला बोलवा." अगं, रीसेट केलं तर ती दुसऱ्यांदा जाईल! उद्याच्या आधी एकदा, फक्त एकदा, ती गाडी तिच्या चालीने निघालेली मला बघायची आहे. याहून जास्त काही मागत नाही. माझ्यामागे ते इंजिन कोणीही रीसेट करू नये. चालत नसेल तर माझ्याबरोबर पाठवावं.

६. हे कलम सही होण्याआधी वाढवलं आहे. शिंपी सहीसाठी आधीच वर आला होता, मग उतावळा आला. पेन उचललं आणि तसाच थांबला. मी कंट्रोलरचा नॉब धरून शेवटचा प्रयत्न करत होतो.

"दाजी, इंजिनाला काही झालेलं नाही."

"तू गप बस! तुला काय कळतंय?"

"अहो, अंगठा बघा तुमचा."

नॉब फिरवला की गाडी पळते, दाबला की जागच्या जागी थांबते. माझा अंगठा थरथरत होता. दर वेळी नॉब दाबला जात होता आणि इंजिन बिचारं हुकूम पाळत होतं. जन्मभर लोकांच्या लिफ्टचे बिघाड शोधले, पण स्वतःचा हात तपासायचं काही सुचलं नाही.

त्याने आधी टोपण काठोकाठ भरलं, डब्यावर ठेवलं, मग विचारलं, "फिरवू?" मी मान हलवली. गाडी कधी निघाली ते कळलंच नाही, इतकी सावकाश. वळण घेतलं, फेरा पुरा केला, थांबली. पाणी हललं, सांडलं नाही. शिंपी म्हणाला, "वहिनी अशाच जिना उतरायच्या."

सबब, कलम चार रद्द. काळं इंजिन लेकीचं. कंट्रोलर, आणि ते इंजिन चालवण्याचा हक्क माझ्या मेहुण्याचा. साक्षीदाराला वाटा मिळत नाही, म्हणून त्याचं नाव खाली खोडलं आहे. खोडाखोड माझ्याच हातची आहे. रेघ वाकडी आली आहे, ती तशीच ग्राह्य धरावी.

साक्षीदार
१. खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही)
२. मेहुणा (खोडलं). त्याच्या जागी शिंप्याची बायको, नवऱ्याला जेवायला बोलवायला वर आली होती (सही)

लिहून ठेवणार: मी (सही थरथरली आहे, पण माझीच)
ठिकाण: मागची खोली, रुळांच्या टेबलाशी
तारीख: बारा, सोमवार. टोपण अजून डब्यावरच आहे, कोणी हलवू नये.